लालबागचं विजेचं जाकीट

आमच्या लालबागला थंडी पडते ती वर्षातून मोजून पंधरा दिवस, आणि तीसुद्धा पहाटे चार ते साडेसात या वेळात. परळच्या रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाले येऊन बसले, की आम्ही थंडी आली असं समजतो. मग ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन मफलर बाहेर येतात, चाळीतले म्हातारे कानटोप्या चढवून दूध आणायला निघतात आणि नाक्यावर एकमेकांना विचारतात, ‘‘काय, यंदा जास्त आहे ना?’’ मुंबईची खरी थंडी म्हणजे २२ जानेवारी १९६२ची. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. मी तेव्हा पाच महिन्यांचा होतो. आई सांगायची, त्या रात्री तिने मला दोन गोधड्यांत गुंडाळून स्टोव्हच्या जवळ ठेवलं होतं.

अशा गावात राहणाऱ्या माणसाच्या घरात विजेवर तापणारं जाकीट यावं, ही गंमतच म्हणायची. पण ते आलं. गेल्या वर्षी ऑगस्टच्या ऐन उकाड्यात आमच्या मुलीने एक खोकं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. आत एक पातळसं काळं जाकीट, तसलेच हातमोजे आणि वायरींचं एक भेंडोळं. म्हणाली, ‘‘बाबा, सप्टेंबरमध्ये मनालीहून लेहला चाललेय. मोटारसायकलवर. सात जण आहोत. याचं वायरिंग तेवढं तुम्ही बघून द्या.’’

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज एकदम थांबला. सौ. बाहेर आली. तिने जाकिटाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. नुसतं आपलं डावं मनगट उजव्या हाताने चोळलं. ते पाहिलं आणि मला जे समजायचं ते समजलं.

त्या मनगटाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

१९९२च्या जानेवारीतली गोष्ट. नाशिकला बहिणीकडे मुंज होती. एस.टी.ची तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून मी माझी राजदूत काढली. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पहाटे तीनला निघालो. सौ. मागे बसलेली, अंगावर शाल, मांडीवर आहेराची पिशवी. माझ्या अंगात एक स्वेटर आणि त्यावर विंडचीटर, हात उघडे. शहापूरपर्यंत मजेत होतो. कसारा घाटात वारा लागला. घाटाच्या वर आलो तोवर माझी बोटं मला माझी वाटेनाशी झाली. मागून तिने विचारलं, ‘‘अहो, थांबायचं का? तुमचे हात कापतायत.’’ मी म्हणालो, ‘‘चाललंय. इगतपुरीला चहा घेऊ.’’

इगतपुरीच्या टपरीसमोर गाडी वळवताना क्लच दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. बोटं मिटलीच नव्हती. गाडी हिसका देऊन पुढे गेली आणि खडीवर आडवी झाली. वेग चालण्याइतकाच होता. मला खरचटलंही नाही. पण हिने पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. मुंज राहिली बाजूला, सगळा दिवस दवाखान्यात गेला. आज तीसहून अधिक वर्षं झाली, हवेत जरा गारवा आला की ते मनगट ठणकतं. तिने त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. पण ‘चाललंय’ हा शब्द मी उच्चारला की ती अजूनही माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघते.

त्या दिवशी इगतपुरीला काही बर्फ पडत नव्हता. आठ-नऊ अंश तापमान असेल. मग असं का झालं? ही गोष्ट मुलीने मला पुष्कळ वर्षांनी समजावून दिली. ती परळच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं म्हणणं असं, की आपलं शरीर म्हणजे एखादं काटकसरी घर आहे. पोट, हृदय, मेंदू यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे, हा पहिला नियम. बाहेर गारठा वाढला, की शरीर आधी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब आतल्या आत राखतं. बोटांची त्वचा साधारण १५ अंशांच्या खाली गेली की बारीक कामं जमेनाशी होतात. ती ८ अंशांच्या आसपास आली की स्पर्शच कळत नाही. क्लच, ब्रेक, बटण, सगळं असून नसल्यासारखं.

त्यात मोटारसायकलवरचा वारा. आपल्या अंगाभोवती हवेचा एक पातळ उबदार थर असतो, तो वारा क्षणोक्षणी ओरबाडून नेतो. हवामानशास्त्रज्ञांनी याचं एक सूत्र बसवलं आहे. त्याप्रमाणे नऊ अंशांच्या हवेत ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला चार अंशांसारखं वाटतं. शून्य अंशात ताशी ६० किलोमीटरने गेलं तर उणे नऊ. आणि उंची वाढेल तसं तापमान उतरतं, ढोबळमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंश. लेह साडेतीन हजार मीटरवर, आणि मनालीच्या वाटेवरचे बारालाचा ला आणि तंगलंग ला हे घाट त्याच्याही पुष्कळ वर. तंगलंग ला तर पाच हजार तीनशे मीटरच्या पुढे. तिथे हवाही विरळ. समुद्रसपाटीला श्वासातून जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम निम्मा.

हे सगळं ऐकल्यावर माझ्यातला बाप म्हणत होता, जाऊ नकोस. माझ्यातला वायरमन मात्र खोक्यातलं जाकीट उलटंपालटं करून बघत होता.

मी गिरणीतला माणूस. वडील वीव्हिंग खात्यात होते. मी आय.टी.आय. करून त्याच गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात ॲप्रेंटिस म्हणून लागलो, आणि वर्षभरात, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले किती परत आत गेले, हे लालबाग-परळच्या वाचकांना मी सांगायला नको. मी मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं आणि तांब्याच्या तारेवर संसार केला. तेव्हा कापड आणि वीज या दोन्हींशी माझी जुनी ओळख. पण कापडातच वीज, हा प्रकार नवा होता.

आमच्या घरात ऊब म्हणजे गोधडी. वडील गिरणीतून फेंट आणायचे, आई त्यांचे थर लावून दोरे घालायची. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांमध्ये हवा अडकून बसते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. स्वेटर, रजई, लोकर, सगळ्यांचं तत्त्व एकच. पण गोधडीला आपण आतून ऊब पुरवावी लागते. चालणारा माणूस ती पुरवतो, डोंगर चढणारा तर भरपूर पुरवतो. मोटारसायकलस्वार मात्र तासन् तास एका जागी बसलेला असतो. त्याचं इंजिन तापतं, तो नाही. म्हणून कितीही थर चढवले तरी चार-पाच तासांनी गारठा आत शिरतोच. विजेचं जाकीट इथे वेगळं पडतं. ते ऊब राखत नाही, ऊब निर्माण करतं.

ही युक्ती काही आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं पंचवीस हजार फुटांवरून उडत. तिथे उणे चाळीस अंश तापमान, आणि विमानाच्या दोन्ही बाजूंना मशीनगनसाठी उघड्या खिडक्या. १९४३च्या सुमारास एक काळ असा होता, की इंग्लंडहून उडणाऱ्या या विमानांवरचे लोक शत्रूच्या माऱ्यापेक्षा हिमदंशानेच जास्त निकामी होत होते. त्यांना विजेवर तापणारे पोशाख दिले होते. पण सुरुवातीच्या पोशाखांतल्या तारा एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या. गुडघ्याजवळ किंवा कोपरात तार तुटली, की सगळा पोशाख गार. गणपतीच्या मखराला आपण जुन्या पद्धतीची माळ लावायचो, तिचा एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तशातलाच प्रकार. पुढे जोडणी बदलली आणि पोशाख भरवशाचे झाले. मोटारसायकलवाल्यांसाठी हे कपडे आले ते १९७०च्या दशकात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग नावाचे गृहस्थ यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना चालवत. त्यांच्या हाताखालचा एक कारागीर भर हिवाळ्यात मोटारसायकलवर कामाला येई. त्याच्यासाठी म्हणून सुरू झालेला उद्योग पुढे नावारूपाला आला. एका कारखान्यातल्या माणसाची गरज दुसऱ्याने ओळखली, एवढीच गोष्ट. गिरणगावातल्या माणसाला ती आपलीशी वाटते.

तर मी कामाला लागलो. पहिला प्रश्न हिशेबाचा. मुलीच्या जाकिटाला पूर्ण जोरात ८० वॅट लागत होते, हातमोज्यांच्या जोडीला २५. म्हणजे १०५ वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर साधारण नऊ अँपिअर. आता गाडी एवढी वीज देणार कुठून? तिच्या गाडीचा ऑल्टरनेटर चांगल्या वेगात २२० वॅटच्या आसपास वीज करतो. त्यातून हेडलाइट ५५ वॅट. तो बंद ठेवावा म्हटलं तर सोय नाही, कारण एप्रिल २०१७पासून आपल्याकडच्या नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो. मग इंधनाचा पंप, इग्निशन, मागचा दिवा यांचे मिळून सत्तर-पंचाहत्तर. उरले नव्वद. त्यातले वीस बॅटरी भरायला सोडले पाहिजेत. हातात आले सत्तर वॅट, आणि खर्च १०५चा.

मी कागद मुलीसमोर ठेवला. ती हसून म्हणाली, ‘‘बाबा, हा तर आपल्या घरच्या महिनाअखेरचा हिशेब झाला.’’ मार्गही तसाच काढला. हातमोजे पूर्ण चालवायचे, जाकीट निम्म्यावर. पंचवीस आणि चाळीस, पासष्ट झाले. जाकिटाबरोबर एक नियंत्रक असतो. तो वीज कमी करत नाही, तर क्षणभर चालू, क्षणभर बंद असं करत सरासरी राखतो. आणि एक गोष्ट तिच्याकडून तीन वेळा वदवून घेतली. गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं, तेव्हा वीजही कमी तयार होते. उभ्या गाडीवर जाकीट पूर्ण जोरात लावलं तर बॅटरी बसेल, आणि घाटात बॅटरी बसणं म्हणजे ऊबही गेली आणि गाडीही गेली.

लोहार चाळीतून वायर आणली, लॅमिंग्टन रोडवरून फ्यूज, रिले आणि प्लग. जोडणी थेट बॅटरीवरून घेतली, पण बॅटरीच्या अगदी जवळ दहा अँपिअरचा फ्यूज घातला. मधे रिले टाकला, म्हणजे किल्ली बंद केली की जाकीटही बंद. अंगापर्यंत येणारी वायर अशी ठेवली, की विसरून उतरलं किंवा गाडी पडली तर प्लग आपसूक सुटावा. माणूस गाडीला बांधलेला राहता कामा नये.

आता याची परीक्षा घ्यायची कुठे? लालबागला ऑगस्टमध्ये तापतं जाकीट घालून बसणं म्हणजे शिक्षाच. शेवटी ससून डॉककडे मासळीच्या धंद्यात असलेल्या एका मित्राने आपल्या शीतगृहात जागा दिली. आम्ही बापलेक एका रविवारी बारा व्होल्टची बॅटरी पिशवीत घालून तिथे गेलो. पापलेटांच्या पेट्यांमध्ये ही स्टुलावर बसली, मी शेजारी कानटोपी घालून हातात मीटर धरून उभा. काटा उणे दहाच्या खाली. पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. ‘‘बाबा, पाठीला कुणी हात फिरवतंय असं वाटतंय.’’ मीही खूश. पंधराव्या मिनिटाला मात्र मला एक वास आला. जन्मभर जळक्या वाइंडिंगा हुंगलेलं माझं नाक, त्याला मासळीच्या वासातही तो कळला. जाकिटाच्या कडेला, तिच्या बरगडीजवळ जो प्लग होता, तो हाताला चटका देत होता आणि त्याचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. मी ताबडतोब वायर काढली.

दोष काही मोठा नव्हता. प्लगातला सांधा सैल होता. सैल सांध्याला रोध जास्त, आणि तिथून सात अँपिअर गेले की तारेऐवजी सांधाच तापायचा. मी तो कापून टाकला, जाड पिनांचा नवा प्लग झाळून बसवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा तासभर परीक्षा घेतली. प्लग थंडगार. पण पहिल्या रविवारी घरी येताना टॅक्सीत मी गप्प होतो. मुलगी म्हणाली, ‘‘आईला सांगायचं नाही ना?’’

क्षणभर मोह झाला. मग इगतपुरीची टपरी आठवली. मी घरी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी सौ.ला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘तुम्ही हे सांगितलंत म्हणून आता मी तिला जा म्हणेन. नाहीतर म्हणाले नसते.’’

खरं म्हणजे मुलीला गाडीचं वेड लागलं ते हिच्याच माहेरून. ही गिरगावची. दर गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते, नऊवारी नेसलेल्या, फेटा बांधलेल्या मुली बुलेटवरून जातात, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिलं आहे. आमची मुलगी कॉलेजात असताना मामाची बुलेट घेऊन त्यात शिरली होती. हिने तेव्हा कौतुकाने दृष्ट काढली. पाडव्याला ठाकूरद्वारच्या नाक्यावर बुलेट चालवणं निराळं आणि बारालाच्यावर चालवणं निराळं, हे खरं. पण दोन्हीकडे हात एकच असतो.

ज्यांना असे कपडे घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी आणखी दोन-चार गोष्टी इथेच सांगतो. हे जाकीट उघड्या अंगावर घालायचं नसतं. आत एक पातळ, अंगाबरोबरचा सदरा, त्यावर हे, आणि त्यावर वारा अडवणारं जाड जाकीट. वारा आत आला तर सगळे वॅट वाऱ्यावर. दुसरं, बोटं गार पडतात म्हणून नुसते हातमोजे घेऊ नयेत. छाती-पोट उबदार राहिलं तर शरीर आपणहून बोटांकडे रक्त सोडतं. तिसरं फार महत्त्वाचं. सुन्न झालेल्या कातडीला चटका कळत नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांची साधी वाटणारी ऊबसुद्धा बराच वेळ एकाच जागी राहिली तर भाजते. मधुमेहाने ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नये. हिमदंशाची शंका आली, तर ते बोट चोळू नये, शेकोटीवर धरू नये. आडोशाला जावं, आणि पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच कोमट पाण्यात धरावं. आणि शेवटचं, या जाकिटाने थंडी भागते, विरळ हवा भागत नाही. चढ हळूहळू चढणं, वाटेत मुक्काम करणं, डोकं दुखून मळमळू लागलं की खाली उतरणं, याला दुसरा इलाज नाही. वीज बंद पडली तर पुरतील इतके साधे गरम कपडेही बरोबर हवेतच. कारण गाडी थांबली की जाकीट म्हणजे नुसतं पातळ कापड.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. निघताना सौ.ने चिवडा गल्लीतला दोन किलो चिवडा आणि रव्याचे लाडू बांधून दिले, तेही रविवारच्या जुन्या पुरवण्यांत घट्ट गुंडाळून. मुलगी कुरकुरली, ‘‘आई, कागदाचंच अर्धा किलो वजन आहे.’’ मी म्हणालो, ‘‘राहू दे. पूर्वी पेपर टाकणारी पोरं आणि ट्रकवाले थंडीत छातीवर वर्तमानपत्रच घालायचे. कागद वारा अडवतो.’’ ती हसली आणि पिशवी गाडीला बांधली.

मग तीन दिवस फोन नाही. तिकडे मनालीच्या पुढे अटल बोगदा ओलांडून केलाँगच्या वर गेलं, की फोनची रेंज जाते हे ठाऊक होतं. तरी ठाऊक असणं आणि रात्री झोप लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी लेहहून फोन आला. तिने जे सांगितलं, ते तिच्याच क्रमाने सांगतो.

बारालाचा चढताना दुपारी अचानक बर्फ पडू लागला. सगळे हळूहळू चालले होते. तिच्या पुढे एक सोबती होता, दादरचा, चांगला तयार गडी, जिममध्ये जाणारा. त्याची गाडी रस्त्याची बाजू सोडून मधे येऊ लागली. तिने हॉर्न देऊन त्याला थांबवलं. विचारलं, ‘‘बरा आहेस ना?’’ तो म्हणाला, ‘‘चाललंय.’’

‘‘बाबा,’’ मुलगी फोनवर म्हणाली, ‘‘तो शब्द ऐकला आणि मला आईचं मनगटच दिसलं.’’ तिने त्याला त्याच्या घरचा पूर्ण पत्ता विचारला. शिवाजी पार्कच्या त्या मुलाला आपल्या इमारतीचं नाव धड उच्चारता येईना, जीभ जड झालेली. अंग थडथडत होतं, हातमोजे काढले तर बोटं पांढरी. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊ लागलं की माणसाचा तोल, बोलणं आणि सारासार विचार आधी जातो. मला काही झालेलं नाही, असं तोच सगळ्यांत ठासून सांगतो. त्याचे आतले कपडे बर्फाने भिजले होते.

बाकीच्यांनी आडोसा धरला आणि त्याचा ओला शर्ट बदलला. आपलं विजेचं जाकीट आणि हातमोजे मुलीने त्याच्या अंगावर चढवले, वरून त्याचं जाड जाकीट, आणि त्याला आपल्या गाडीवर मागे बसवलं. वायर मागे नेली. त्याची गाडी दुसऱ्याने घेतली. घाट ओलांडून खाली भरतपूरला तंबूंची वस्ती आहे, तिथवर जायचं होतं. ‘‘तुम्ही सांगितलं होतं तसं जाकीट निम्म्यावर ठेवलं, आणि गिअर खालचा ठेवून इंजिन मंद होऊ दिलं नाही. बॅटरी बसली नाही, बाबा.’’

‘‘आणि तू काय घातलंस?’’ मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण सौ.ने फोनला कान लावला.

‘‘स्वेटर होता, त्यावर रेनकोट. आणि मधे लाडवांचे कागद. छातीवर चार, पाठीवर चार. साधे हातमोजे होतेच. खरं सांगू, फार गार लागलं. थोडा वेळच होता म्हणून निभावलं. तंबूत गेल्यावर आधी त्याला आणि मग मला गोड चहा दिला तिथल्या बाईंनी. रजयांत गुंडाळून तासभर बसवलं. तेव्हा कुठे तो धड बोलू लागला. पहिलं काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, चिवडा उरलाय का?’’

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. जाकिटाने एका मुलाला मदत केली हे खरंच. पण जाकिटाच्या आधी तिने गाडी थांबवली होती. त्याच्या ‘चाललंय’वर तिने विश्वास ठेवला नव्हता. ही गोष्ट कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. आमच्या घरात ती एका मोडलेल्या मनगटाची किंमत मोजून आली होती, हे त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जाणवलं.

मुलगी परत आली, जाकीट धुऊन वाळवून खोक्यात गेलं. या जानेवारीत लालबागला आमचे ते पंधरा दिवस आले. एका पहाटे मला जाग आली तर सौ. खाटेवर मनगट चोळत बसलेली. मी उठलो, खोकं काढलं, दुकानातली बॅटरी खाटेखाली ठेवली आणि डाव्या हाताचा मोजा अगदी कमीवर लावून तिच्या हातात चढवला. म्हटलं, दर थोड्या वेळाने काढून कातडी बघू, झोपायचं नाही.

ती मोजाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘हे तेव्हा असतं तर?’’

मी म्हणालो, ‘‘हे नव्हतं. पण तू थांबायचं का विचारलं होतंस. तेव्हा मी थांबायला हवं होतं.’’

एवढं वाक्य म्हणायला मला तीस वर्षांच्या वर लागली. तिने मान हलवली आणि म्हणाली, ‘‘चहा टाका. आणि माझ्या हातातून हे काढू नका इतक्यात. बरं वाटतंय.’’